चढ मोजा, प्लग शोधा, मग बॅटरी घ्या

डिचोलीच्या बसस्टँडवर पायलट लोकांचा अड्डा असतो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगून ठेवते, आमच्याकडे पायलट म्हणजे काळ्या-पिवळ्या मोटरसायकलवर भाडं मारणारे. माझी इलेक्ट्रिक सायकल तिथं टेकवली की प्रश्न ठरलेला: "बाय, एका चार्जाक कितलें वता गो?" मीही ठरलेलं उत्तर देते: "खंयच्या रस्त्यार?"

उत्तर टाळत नाही मी. चोडणच्या खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीतल्या, सपाट रस्त्यावर जी बॅटरी मला साठ किलोमीटर आरामात नेते, तीच सामान लादून करमल घाटाकडे निघाले की तिशीत धापा टाकायला लागते. सायकल तीच, बाई तीच, बॅटरी तीच. म्हणून खोक्यावर छापलेला किलोमीटरचा आकडा बघून लांबच्या सफरीची बॅटरी घेणं म्हणजे साखरपुड्यातला फोटो बघून संसाराचा अंदाज बांधणं. बॅटरी दोन गोष्टींवर निवडायची: तुमच्या वाटेवरचा सगळ्यात कठीण चढ, आणि दुपारच्या जेवणाला मिळणारा प्लग. बाकीचं सगळं या दोघांच्या मागून येतं.

मी बोलतेय ती पायडल मारायच्या सायकलबद्दल. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर आपल्या कायद्यात ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. यापेक्षा दांडगी मोटर लावून "कोण बघतंय" म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी हा लेख नाही, कारण त्यांचं गणितही वेगळं.

पायरी १: सगळ्यात वाईट दिवस कागदावर मांडा

पत्रादेवी ते पोळे हा अख्खा गोवा शंभर-सव्वाशे किलोमीटरात आटपतो. त्यामुळे आपल्यासाठी लांबची सफर म्हणजे एकतर वर शिरोडा-वेंगुर्ला-मालवण-देवगड, नाहीतर खाली कारवार-अंकोला-गोकर्ण, किंवा घाट चढून बेळगाव. नवखे लोक एकूण किलोमीटर मोजतात आणि त्याला दिवसांनी भागतात. ते करू नका. सगळ्या दिवसांतला एकच दिवस शोधा, ज्या दिवशी चढ जास्त आणि वस्ती कमी. बॅटरी त्या दिवसासाठी घ्यायची. बाकीचे दिवस आपोआप निभतात.

आपल्याकडचे रस्ते बॅटरीच्या नजरेनं तीन जातींचे. पहिला खाजनातला: चोडण, दिवाडी, कुंकळ्ळीकडचा सखल भाग. बांध, मानस (म्हणजे पाणी अडवा-सोडायची दारं), शेतं, आणि रस्ता पाटासारखा सपाट. इथं बॅटरीची काळजीच नको. दुसरा घाटाचा: चोर्ला, अनमोड, करमल. हा निदान प्रामाणिक असतो. चढायचंय हे आधीच माहीत असतं, माणूस तयारीनं येतो.

खरा दगाबाज तिसरा. सड्याचा रस्ता. नकाशावर समुद्रकाठचा म्हणून सरळसोट दिसतो, पण खाडीतून वर जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावर चार किलोमीटर पळतो आणि पुढच्या खाडीत धपकन उतरतो. मालवण ते विजयदुर्ग हेच चालतं. एकेक चढ साठ-ऐंशी मीटरचा, त्याचं कुणाला काय वाटत नाही. पण दिवसाला असे दहा झाले की एक अख्खा घाट चढून झालेला असतो आणि कपाळावर "घाट" अशी पाटी कुठंच लागलेली नसते. कोमूट किंवा राइड विथ जीपीएससारख्या अॅपवर मार्ग आखा आणि किलोमीटरच्या शेजारी "एकूण चढ" किती मीटर दाखवतोय ते वहीत उतरवा. पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं आहे.

पायरी २: वॉट-अवरचा हिशेब

दुकानात बॅटरीवर दोन आकडे दिसतात: व्होल्ट आणि एएच, म्हणजे अँपिअर-अवर. नुसता एएचचा आकडा बघून दोन बॅटऱ्यांची तुलना करू नका. दोघांचा गुणाकार करा, तो झाला वॉट-अवर, आणि बॅटरीचं खरं पोट तेवढंच. ३६ व्होल्ट, १४ एएच म्हणजे ५०४. ४८ व्होल्ट, १०.५ एएच म्हणजेही ५०४. दोन्ही सारख्याच. हजार वॉट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट, म्हणजे ही बॅटरी अर्ध्या युनिटाची. एवढ्याशा विजेवर माणूस घाट चढतो याचं मला अजून नवल वाटतं.

आता खर्चाची बाजू. सामानासकट सायकल, तुम्ही स्वतः प्रामाणिकपणे पाय मारताय, वेग ताशी १८-२० च्या आसपास: सपाटीला किलोमीटरमागे ६ ते ८ वॉट-अवर धरा. चढउताराच्या रस्त्यावर १० ते १२. पाय नुसते टेकवून थ्रॉटलवर, म्हणजे मुठीतल्या अॅक्सिलरेटरवर, बसलात तर १५ ते २०. थ्रॉटल हे सफरीचं व्यसन आहे. पहिल्या दिवशी मजा येते, तिसऱ्या दिवशी सायकल ढकलावी लागते.

घाटासाठी एक वेगळा ठोकताळा आहे, तो पाठच करा. १०० किलो वजन १०० मीटर वर न्यायला २७ वॉट-अवर लागतात. हे शुद्ध भौतिकशास्त्र; यात कंपनी कुठली, मोटर कुठली, काही फरक पडत नाही. मोटर आणि तिला करंट पुरवणारा कंट्रोलर मिळून पाऊण भागच चाकापर्यंत पोचवतात, म्हणून बॅटरीतून जाताना तेच ३६-३७ होतात.

चोर्ल्याचं उदाहरण घेऊ. साखळीवरून सत्तरीतल्या केरीला आलात, अंजुणे धरण बाजूला राहिलं, की चढ सुरू. तिथून माथ्यापर्यंत उंची साधारण ७०० मीटर वाढते. मी, सायकल आणि सामान मिळून ११० किलो. वर उचलायलाच २१० वॉट-अवर, त्यात टायरच्या घर्षणाचे चाळीसेक. झाले २५०. सगळं मोटरवर टाकलं तर बॅटरीतून जवळपास ३४० जाणार. पण मी सव्वा-दीड तास सलग १०० वॉटनं पाय मारले, आणि हे धडधाकट माणसाला जमतं, तर त्यातले सव्वाशे-दीडशे माझे. मोटरचे उरले शंभर-सव्वाशे, बॅटरीतून गेले दीडशेच्या आसपास. म्हणजे त्याच घाटाला, त्याच सायकलवर, बॅटरीचा खर्च निम्म्याहून कमी. तुमच्या मांड्या ही पहिली बॅटरी, आणि ती विकत घ्यावी लागत नाही.

वेगाचंही असंच. २० ऐवजी २५ नं गेलात तर हवेचा रेटा किलोमीटरमागे दीडपटीहून जास्त होतो. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. तो नाकावर घेऊन उत्तरेकडे जायचं असेल तर किनाऱ्याचे टप्पे सकाळीच उरका.

आता मांडणी. समजा कठीण दिवस ७० किलोमीटरचा, सड्याच्या रस्त्याचा. ७० गुणिले ११ म्हणजे ७७०. बॅटरी तळापर्यंत पिळायची नाही, वीस टक्के राखून ठेवायचे. म्हणजे साडेनऊशे हवे. घाबरू नका, एवढी एक बॅटरी घ्यायला मी सांगत नाहीये. दुपारच्या प्लगचा वाटा यातून वजा व्हायचाय.

पायरी ३: चार्जर हीच छुपी बॅटरी

माझ्या मते नवखा माणूस सगळ्यात जास्त इथं चुकतो. तो मोठ्या बॅटरीवर पैसे घालतो आणि चार्जर मात्र सोबत आलेला फुकटचा २ अँपिअरचा वापरतो.

३६ व्होल्टच्या बॅटरीला २ अँपिअरचा चार्जर तासाला साधारण ७५ वॉट-अवर भरतो. ४ अँपिअरचा दीडशे भरतो. जेवण, वर जरा पाठ टेकणं, असे दोन तास धरा. पहिल्या चार्जरनं दीडशे मिळाले, म्हणजे सड्याच्या रस्त्यावर तेरा-चौदा किलोमीटर. दुसऱ्यानं तीनशे, म्हणजे सत्तावीस किलोमीटर, आणि मघाचे साडेनऊशे साडेसहाशेवर आले. फरक तेरा किलोमीटरचा, आणि वजन वाढलं फार तर अर्धा किलो. तेवढ्या क्षमतेची जादा बॅटरी घ्यायला गेलात तर वजनही जास्त आणि पैसे कित्येक पट.

मात्र बॅटरी घेतानाच विचारा, किती अँपिअरनं चार्ज केलेलं हिला चालतं? लहान बॅटरीला मोठा चार्जर जोडणं धोक्याचं. सर्वसाधारणपणे एएचच्या आकड्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. १० एएचला ५ अँपिअर ही वरची हद्द समजा, आणि बॅटरीवर कमी लिहिलं असेल तर कमीच. आणखी एक: बॅटरी ८०-९० टक्क्यांच्या पुढं गेली की चार्जिंग मंदावतं. म्हणून दुपारी पूर्ण भरेपर्यंत ताटकळू नका. तीस टक्क्यांवर लावून सत्तरवर काढली तर वेळेचा खरा मोबदला मिळतो.

प्लग कुठे? हमरस्त्यावरची मोटारींची चार्जिंग स्टेशनं आपल्या कामाची नाहीत, तिथलं जाडजूड तोंड आपल्या चार्जरला लागत नाही. आपल्याला घरातला साधा ५ अँपिअरचा सॉकेट पुरतो, आणि तो प्रत्येक खानावळीत, पोसऱ्यावर म्हणजे किराणा दुकानात, देवळाच्या अग्रशाळेत म्हणजे धर्मशाळेत असतो. अडचण सॉकेटची नसते, मालकाच्या भीतीची असते. "गाडी चार्ज करू का?" म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं मीटर गरगरतो. मी आता असं विचारते: "काका, जेवते तोवर हा लॅपटॉपसारखा चार्जर लावू? पाव युनिट जळेल, वाटलं तर बिलात धरा." कुडचड्याला एका काकांनी हात न धुताच सांगितलं, "लाय गो बाय, पंखो बंद कर आनी लाय." मीटरची काळजी होती तर अशी. बिलात त्यांनी काही धरलं नाही. मी सोलकढी एक जास्त प्यायले.

सोबत तीन-चार मीटरची चांगली एक्स्टेंशन वायर आणि १५ अँपिअरच्या सॉकेटातून ५ मध्ये आणणारा अडॅप्टर ठेवा. बऱ्याच लॉजमध्ये मोकळा सॉकेट एकच, आणि तो गीझरचा. पावसाळी दिवसांत आतल्या गावांत लाईट जाते, कधी रात्रभर. म्हणून मुक्कामाला पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावा, आंघोळ-जेवण नंतर.

सोलर पॅनेलचं लोक विचारतात. १०० वॉटचा पॅनेल दिवसभर एका जागी उन्हाकडे तोंड करून ठेवला तर चारशेच्या आसपास वॉट-अवर देईल. दिवसभर एका जागी थांबायचं तर सफर कसली?

पायरी ४: मोटरशी सोयरीक जुळते का

पोट मोठं असून भागत नाही, घास गिळता आला पाहिजे. मोटरचा कंट्रोलर चढावर जेवढा करंट मागतो तेवढा बॅटरीनं सलग द्यायला हवा. कंट्रोलरवर १५ अँपिअर लिहिलं असेल तर बॅटरीच्या बीएमएसवर सलग २० तरी हवेत. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतला मुकादम: प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो, जादा करंट गेला, जादा तापलं, फार रिकामं झालं तर काम बंद पाडतो. मागणी त्याच्या हद्दीबाहेर गेली की भर चढावर दिवा विझल्यासारखी सायकल मरते. बंद करून चालू केली की पुन्हा जिवंत, आणि शंभर मीटरवर पुन्हा मरते. हे झालं तर मोटरला शिव्या देऊ नका.

व्होल्ट सायकलचेच हवेत. ३६ च्या सायकलला ४८ ची बॅटरी लावून "पिकअप वाढतो" असं सांगणारे मेकॅनिक भेटतील. वाढतो खरा, कंट्रोलर जळेपर्यंत.

बॉश, शिमानो यांच्या मिड-ड्राइव्ह, म्हणजे पायडलपाशी मोटर असलेल्या, सायकली घेतलेल्यांना ही पायरी मोकळी. तिथं मोटर आणि बॅटरी आपसात बोलतात, परक्या बॅटरीला ओळखच देत नाहीत. त्यांनी कंपनीचीच मोठी किंवा जोडीची बॅटरी घ्यायची. घाट उतरताना बॅटरी भरते का, हाही ठरलेला प्रश्न. मिड-ड्राइव्हमध्ये नाही, आणि चाकाच्या मधोमध बसवलेल्या, गिअरवाल्या छोट्या हब मोटरमध्येही नाही. गिअर नसलेल्या मोठ्या हब मोटरमध्ये थोडी भरते, पण तिच्या भरवशावर किलोमीटर मोजू नका.

पायरी ५: आत काय आहे ते पारखा

लेड-अॅसिडचा विचारच नको. ५०० वॉट-अवरला पंधरा किलोच्या आसपास वजन, ते घेऊन कुठं जाणार. उरल्या दोन जाती. नेहमीची लिथियम-आयन, जिला दुकानदार एनएमसी म्हणतात: ५०० वॉट-अवरला अडीच-तीन किलो, पाच-सातशे वेळा पूर्ण भरून रिकामी केली की ताकद ऐंशी टक्क्यांवर येते. दुसरी एलएफपी, म्हणजे लोहवाली: दोन हजारांच्या पुढंही चालते, तापलं तरी लवकर पेट घेत नाही, पण तेवढ्याच क्षमतेला वजन दीडपट आणि आकार मोठा. रोज कामावर जायला मी एलएफपी घेईन. सफरीला, जिथं ग्रॅम-ग्रॅम उचलायचा असतो, एनएमसी. दोघींचे चार्जर वेगळे, हे विसरू नका: ३६ व्होल्टच्या एनएमसीला ४२ व्होल्टचा, बारा सेलांच्या एलएफपीला ४३.८ चा. पिन एकसारखी असली म्हणून लावून मोकळं व्हायचं नाही.

आता फसवणुकीचं. मी स्वतः फसलेय, म्हणून जरा सविस्तर. पहिली जादा बॅटरी मी एका दुकानातून घेतली, दुकानाचं नाव घेत नाही. वर छान स्टिकर: ३६ व्होल्ट, २० एएच. किंमत बाकीच्यांच्या निम्मी. हातात घेतली तेव्हा हलकी लागली, आणि मी शहाणी, खूष झाले. करमल घाटात अर्ध्यावर ती संपली. गुळे-बाळ्ळीच्या त्या झाडीत, संध्याकाळची, पंचवीस किलोची सायकल आणि वर सामान ढकलत निघाले. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न देऊन सहानुभूती दाखवत होता. घरी आल्यावर नीट मोजलं तर जेमतेम बारा एएच.

ही लबाडी काट्यावर पकडता येते. आतला १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, वजनाला ४५ ते ४८ ग्रॅम असतो आणि उत्तमातला उत्तम घेतला तरी साडेतीन एएचच्या आसपासच देतो. ३६ व्होल्टला असे दहा सेल एका माळेत, आणि २० एएचला अशा सहा माळा शेजारी. साठ सेल, पावणेतीन किलो. जाडे २१७०० सेल घेतले तरी चाळीस लागतात, सत्तर ग्रॅमचा एक, पुन्हा पावणेतीन किलो. वर डबा, बीएमएस, तारा. म्हणजे ३६ व्होल्ट, २० एएच म्हणवणारी बॅटरी सव्वातीन किलोच्या आत भरली तर आकडा खोटा. दुकानाशेजारच्या पोसऱ्यावर काटा असतोच. साखर तोलतात तिथं बॅटरी तोला. लाजू नका.

वजन बरोबर भरलं म्हणून माल चांगला असं मात्र नाही, जुन्या लॅपटॉपचे काढलेले सेलही तेवढेच भरतात. म्हणून सेल कुठल्या कंपनीचे आणि कुठल्या मॉडेलचे हे बिलावर लिहून मागा. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक अशी नावं सांगतात, तर सांगायला काही लागत नाही, लिहायला लागतं. वॉरंटी महिन्यांत किती, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हेही लिहून घ्या. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर नोंदणीच्या दुचाकींसाठी एआयएस-१५६ ही बॅटरी चाचणी कडक झाली. सायकलला ती सक्ती नाही; पण त्या कसोटीला किंवा परदेशातल्या यूएल २२७१ ला उतरलेली बॅटरी मिळत असेल तर मी दोन पैसे जास्त देईन. ही वस्तू तुम्ही झोपता त्या खोलीत चार्ज होणार आहे.

पायरी ६: एक मोठी की दोन मध्यम?

माझा कौल दोनला. समजा ३६ व्होल्टच्या, १०-१४ एएचच्या दोन. एक बिघडली तरी सफर मोडत नाही. दोन चार्जर असले तर दोन सॉकेटांवर एकाच वेळी भरतात, म्हणजे वेळ निम्मा. आणि दुसरी सपाटीच्या दिवसांत घरी ठेवून निघता येतं. तोटा किमतीचा, दोन मिळून एकीपेक्षा महाग पडतात.

दोन घेतल्या तर एक संपल्यावर दुसरी लावायची. दोघी एकदम जोडायच्या नाहीत. एक भरलेली, एक अर्धी, अशा समांतर जोडल्या तर भरलेलीतून रिकामीत करंटचा लोंढा जातो. तारा वितळतात, पुढं काय होतं ते स्कूटरवाल्यांना विचारा.

पहिली बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीवर असावी, वजन खाली आणि मध्ये. दुसरी पिशवीत, पण मागच्या कॅरिअरवर सगळ्यात वर नको. उतारावर शेपूट हलायला लागतं. फ्रेमच्या त्रिकोणात बसली तर उत्तम, नाहीतर मागच्या पिशवीत तळाशी, फोममध्ये गुंडाळून, तोंडाला रबरी टोपण लावून. उघड्या पिनांना किल्ली किंवा सुटी नाणी लागू देऊ नका.

पायरी ७: पाऊस, खारं वारं, ऊन

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. आयपी६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसते. आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. ६५ पुरतं, पण तो आकडा बंद डब्याचा असतो. चार्जिंगच्या तोंडाचं रबर सैल झालं की गेला. ते रबर दर सकाळी अंगठ्यानं दाबून बघा.

पावसापेक्षा खारी हवा वाईट. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीत सायकल कडेला लावली की शिंतोडे उडतात, चार दिवसांत संपर्काच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो, कल्हई उडालेल्या भांड्यासारखा. थर चढला की रोध वाढतो, रोध वाढला की तिथंच तापतं. बोटीत सायकल मधोमध लावा, मुक्कामाला कोरड्या फडक्यानं पुसा, संपर्कांवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा.

उन्हाचं एवढंच: काळा डबा उन्हात तापत ठेवू नका, बंद मोटारीत तर नाहीच. घाट चढून आल्यावर बॅटरी हाताला गरम लागते, तशीच चार्जिंगला लावू नका; अर्धा तास सावलीत निवू द्या. ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा बहुतेक सेलांचा दंडक आहे. चार्जिंग गादीवर नको, फरशीवर, आणि खोलीतून बाहेर पडायच्या वाटेवर नको. फुगली, वास आला, धूर दिसला तर वाचवायला जाऊ नका. बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

पायरी ८: विमानाचा विचार सोडा

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, सायकल विमानातून मोपाला आणू का? सायकल येईल, बॅटरी येणार नाही. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंत मोकळीक, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीनं, त्यापुढं हातातही नाही आणि सामानातही नाही. आपली सगळ्यात लहान बॅटरीसुद्धा १६० च्या वर जाते. त्यांनी एकतर मोटारीतून यावं, नाहीतर इथं येऊन बॅटरीसकट भाड्यानं घ्यावी.

पायरी ९: तालीम

निघायच्या पंधरा दिवस आधी पूर्ण सामान लादून एक दिवसाची फेरी मारा. मी डिचोली-साखळी-वाळपई-उसगाव-धारबांदोडा-कुडचडे-केपे-बाळ्ळी करून काणकोणात उतरते, शंभरेक किलोमीटर, शेवटी करमल. या एका दिवसात सपाटी, चढ, दुपारचा प्लग आणि दमलेले पाय, सगळ्यांची परीक्षा होते. सोबत साधा व्होल्टमीटर ठेवा. सायकलवरच्या बॅटरीच्या चार-पाच रेघा थापा मारतात: चढावर दोन दिसतात, उतारावर पुन्हा चार. थांबून, दोन मिनिटं जाऊ देऊन व्होल्ट बघा. ३६ च्या एनएमसीत ४२ म्हणजे काठोकाठ, ३७-३८ म्हणजे निम्म्याच्या आसपास, ३५ च्या खाली गेली की पुढचा प्लग शोधायला लागा, ३१ च्या आसपास कंट्रोलर स्वतःच पडदा पाडतो.

घरी आल्यावर प्लगला लावायचा छोटा युनिट-मीटर जोडून बॅटरी भरा. पाचशेची बॅटरी रिकामीपासून भरायला साधारण ०.५५ ते ०.६ युनिट लागले तर ठीक. ०.३५ मध्येच भरली तर काट्यावर तोलायचं राहून गेलं होतं असं समजा आणि बिल शोधा.

सफर संपली, पावसाळा आला, की बॅटरी पूर्ण भरून कपाटात टाकायची नाही आणि रिकामीही टाकायची नाही. निम्मी, ३७-३८ व्होल्टवर, कोरड्या जागी. दर महिन्या-दीड महिन्यानं एकदा बघायची. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे उत्पादकावर ती परत घेण्याची जबाबदारी आहे, जिथून घेतली तिथं नेऊन द्या.

आणि बॅटरीच्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवू नका. माझं जुडगं केरीच्या वाळूत गेलं होतं. पूर्ण भरलेली बॅटरी सायकलवर ऐटीत बसलेली आणि कुलूप उघडेना. चार्जर सॉकेटापर्यंत पोचेना म्हणून अख्खी सायकल लॉजच्या जिन्यावरून वर चढवावी लागली, दोन रात्री. आता एक किल्ली गळ्यात असते, दुसरी टूलबॅगेच्या तळाशी शिवलेली.